घटस्फोट : वाढला की नोंदला गेला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आजच्या विषयाचे पत्र आम्हांस पाठविले, तेव्हा पहिला आक्षेप आमच्या घरातच निघाला. वसंताचे दिवस, लग्नसराई जोरात, गावात रोज एखादी तरी वरात निघते आहे, आणि अशा मुहूर्तावर तुम्ही घटस्फोटावर बोलणार! आक्षेप खोटा नव्हता. परंतु वकिली करणाऱ्या माणसास एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. लग्नाचा मांडव आणि कोर्टाची पायरी यांतले अंतर लोक समजतात तितके लांबचे नाही. आम्ही तीसएक वर्षे त्या रस्त्यावर उभे आहोत. तेथे जे पाहिले ते, आणि त्यामागे जो कायदा आहे तो, एवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि ऐकण्याची हौस तुम्हांसही नसावी.

सामान्यतः हा विषय असा मांडला जातो : पूर्वी आपल्याकडे घटस्फोट नव्हते, आता ते फार वाढले, तेव्हा समाजात काहीतरी बिघडले आहे. या एका वाक्यात तीन विधाने आहेत. ती तिन्ही एका दमात मान्य केली जातात म्हणूनच घोटाळा होतो. आपण ती एकेक करून पाहू.

पहिले विधान, पूर्वी घटस्फोट नव्हते. हे कोणाबद्दल म्हटले जाते? ज्या घरांत पोथी होती त्यांच्याबद्दल म्हणत असाल तर बरेचसे खरे. पण पोथीही सर्वस्वी एका तोंडाने बोलत नाही. पराशराने पाच आपत्ती सांगून त्या प्रसंगी स्त्रीस दुसरा पती सांगितला, आणि त्या वचनाच्या अर्थावरून विधवाविवाहाच्या वादात पंडितांनी मोठे रण माजविले. कौटिल्याने तर परस्परांचा द्वेष जडला असता विवाहबंधन सुटू शकते असे म्हटले. मात्र धर्मविवाहांना ही मोकळीक नाही असेही बजावले. त्याने या सुटकेला शब्द वापरला आहे ‘मोक्ष’! आमच्या काही अशिलांना हा शब्द फार पसंत पडतो.

पण पोथीच्या बाहेरचा महाराष्ट्र केवढा मोठा आहे! तेथे काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी होती. पाट होता, मोहोतूर होते. जातपंचायत बसे, चार माणसे ऐकत, काडी मोडली जाई आणि दोघे मोकळे होत. पंचायती निर्दोष होत्या असे आम्ही म्हणत नाही. दंड बहुधा बाईच्या बापालाच पडे. परंतु विवाह मोडता येतो ही कल्पना या लोकांना परकी नव्हती. हिंदू संहितेच्या विधेयकावर वाद चालला असता डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता, की बहुसंख्य हिंदू समाजात रूढीने घटस्फोट चालतच आला आहे. जो नियम थोड्यांचा आहे तो सर्व समाजाचा म्हणून सांगू नका. ते विधेयक रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला, त्याच्या २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोट जसाच्या तसा राखून ठेवला आहे. तेव्हा ‘पूर्वी नव्हते’ या विधानातला खरा अर्थ एवढाच, की ते सरकारी दप्तरात नव्हते.

आणि ज्या घरांत खरोखरच नव्हते, तेथे काय होते? तेथे दोन गोष्टी होत्या. एक सवत आणि दुसरी माहेर. नवऱ्यास बायको नकोशी झाली तर त्याने घटस्फोट कशासाठी मागावा? दुसरी करावयास त्यास कोणतीच आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला १९४६ साली, आणि लगेच १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुरुषाची दुसरी वाट बंद झाली, तेव्हा पहिली वाट कायद्याने उघडावी लागली. बडोद्यास सयाजीरावांच्या राज्यात १९३१ सालीच असा कायदा झाला होता. गोमंतकात तर पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोटाचा कायदा लागू झाला होता.

स्त्रीस या जुन्या व्यवस्थेत कोणती वाट होती, हे मुंबईच्या एका खटल्याने जगाला दाखविले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या नांदावयास गेल्याच नाहीत. १८८४ साली पती दादाजी भिकाजी याने वैवाहिक हक्क पुनःस्थापित व्हावेत म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला. आणि १८८७ साली न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. ही कथा आम्ही एवढ्यासाठी सांगितली, की त्या काळात मुंबईत हिंदू घटस्फोटांची संख्या विचारली असती तर ती शून्य आली असती. आणि तेवढ्यावरून कोणी म्हटले असते, पाहा, संसार किती सुखाचे आहेत!

आता दुसरे विधान, घटस्फोट फार वाढले. वाढले यात शंका नाही. कोणत्याही कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकरा वाजता उभे राहावे म्हणजे शंका उरत नाही. पण ‘फार’ म्हणजे किती? २०११ च्या शिरगणतीत साऱ्या देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे साडेतेरा लाखांच्या घरात होती. विवाहितांच्या संख्येशी ताडून पाहिले तर हे प्रमाण हजारी दोन-अडीच पडते. जगातील अगदी कमी प्रमाणांपैकी हे एक आहे. परंतु त्याच शिरगणतीत शेजारचा रकाना पाहा. घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांचा तो रकाना आहे, आणि त्यातील आकडा घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट आहे. या दोन्ही रकान्यांत पुरुषांपेक्षा बायका अधिक आहेत. याचा उलगडा कठीण नाही : पुरुष पुन्हा लग्न करून त्या रकान्यातून बाहेर पडतो, बाई तेथेच राहते.

आमच्या मते या विषयाचे मर्म त्या दुसऱ्या रकान्यात आहे. आपल्या भाषेत ‘टाकलेली’ असा एक शब्द आहे. भांडे टाकावे, जुना कपडा टाकावा, तशी बायको टाकावी! ‘टाकलेला नवरा’ असे कोणी म्हणत नाही. परित्यक्ता हा त्याच शब्दाचा सोवळे नेसविलेला अवतार. या बायकांनी १९८८ साली संगमनेरास परिषद भरविली, तेव्हा पुष्कळ सुशिक्षितांना प्रथमच कळले, की असा काही वर्ग महाराष्ट्रात आहे आणि तो मोठा आहे.

आमच्याकडे फार वर्षांपूर्वी अशी एक बाई आली होती. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणास ती माहेरी आली, मुलगी झाली, न्यावयास कोणी आलेच नाही. नवऱ्याने यथावकाश दुसरा संसार थाटला. लग्न नव्हे, नुसता संसार. बाप होता तोवर भागले. भावाचे लग्न झाल्यावर तिने शेजारी खोपट घातले आणि वेगळी शिधापत्रिका मागितली. कचेरीतील कारकून म्हणाला, नवऱ्याचे नाव असलेल्या पत्रिकेवरून तुझे नाव कमी केल्याचा दाखला आण, नाहीतर सोडचिठ्ठीचा कागद आण. पहिला नवरा देत नव्हता, दुसरा अस्तित्वात नव्हता. ती आम्हांस म्हणाली, “वकीलसाहेब, मला त्याच्याकडून काई नको. मी लग्नाची हाये का न्हाई, येवढं कागदावर लिहून आणा.” आम्ही त्यागाच्या कारणावरून अर्ज केला. नवरा एकाही तारखेस आला नाही. दोन वर्षांनी हुकूमनामा झाला. नक्कल हाती पडली तेव्हा तिला वाचता येत नव्हते म्हणून तिच्या मुलीने ती मोठ्याने वाचून दाखविली, आणि बाई रडली. आमच्या सहकाऱ्यास वाटले, दुःखाने रडते आहे. तसे नव्हते. त्या वर्षी सरकारी आकड्यात एक घटस्फोट वाढला. पण तो संसार केव्हा मोडला होता? सोळा वर्षांपूर्वी!

श्रोतेहो, वाढत्या आकड्यातील मोठा भाग या जातीचा आहे, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. संसार आधीच मोडलेला असतो. आता तो नोंदला जातो. तरी सगळी वाढ अशीच आहे असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. नवे मोडणेही आहे. त्याची कारणे दोन ठिकाणी शोधावी लागतात : कायद्यात आणि घरात.

प्रथम कायदा. १९५५ च्या मूळ कायद्यात घटस्फोट मिळविणे सोपे नव्हते. वेड, कुष्ठरोग, गुप्तरोग, धर्मांतर, संन्यास, सात वर्षे बेपत्ता होणे अशी ती कारणांची यादी होती. व्यभिचाराचेही एखादे कृत्य पुरत नसे; प्रतिवादी तशा अवस्थेत राहत असला पाहिजे असे लिहिले होते. छळ आणि त्याग ही जी संसारात खरोखर घडणारी कारणे, त्यांवर नुसते न्यायिक विभक्तपण मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. छळ आणि त्याग ही घटस्फोटाची कारणे झाली, आणि १३-ब कलमाने परस्पर संमतीचा दरवाजा उघडला. वर्षभर वेगळे राहिलेल्या दोघांनी एकत्र अर्ज करावा, सहा महिने थांबावे, तरीही मन तेच असेल तर मोकळे व्हावे. दोष कोणाचा हे जगापुढे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ही सोय आरंभापासून होती. हिंदू विवाहात ती यावयास बावीस वर्षे लागली.

छळ या शब्दाचाही अर्थ रुंदावला. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की छळ फौजदारी गुन्ह्यासारखा निःसंशय सिद्ध करावयास नको. संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूस झुकेल ते पुरे. मनाचा छळ हाही छळ, हे पुढील निकालांनी पक्के केले. १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुण्यामुंबईस ती न्यायालये सुरू झाली. तेथे समुपदेशक बसतात. चोरदरोड्यांच्या खटल्यांच्या गर्दीतून बाईला वाट काढावी लागत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की योग्य प्रसंगी सहा महिन्यांची मुदत माफ करता येईल. २०२३ साली घटनापीठाने सांगितले, की ज्या विवाहात काहीच शिल्लक उरले नाही तो घटनेच्या १४२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या अधिकारात मोडू शकते. खालच्या न्यायालयांना मात्र तो अधिकार नाही. त्यासाठी कायदा करावा असे विधी आयोगाने १९७८ साली आणि पुन्हा २००९ साली सुचविले; २०१३ साली राज्यसभेने विधेयकही मंजूर केले; पण ते पुढे गेले नाही.

इतर धर्मीयांकडेही पाहिले पाहिजे. ख्रिस्ती स्त्रीस १८६९ च्या कायद्याखाली नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला आणखी एखाद्या अपराधाची जोड लागे. नवऱ्यास मात्र बायकोचा व्यभिचार तेवढा पुरे. ही विषमता २००१ साली गेली. मुसलमान समाजात अडचण उलट्या बाजूची होती. तेथे पुरुषास विवाह मोडणे फारच सोपे होते. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तेव्हा लोक हसले. २०१७ साली एका बैठकीतील तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला आणि २०१९ साली तो गुन्हा ठरला. म्हणजे आधुनिक कायद्याने कोठे दार उघडले, तर कोठे सताड उघडे असलेले दार लोटून घेतले. दोन्हींचा हेतू एकच : दोघांना सारखा न्याय.

दार उघडले म्हणून लोक बाहेर धावतात, असे काही विचारवंत म्हणतात. यावर इंग्लंडचा दाखला पाहण्यासारखा आहे. तेथे १९६९ चा सुधारणा-कायदा १९७१ पासून अमलात आला आणि घटस्फोटांचा आकडा एकदम चढला. पण १९९३ नंतर तो उतरणीस लागला, आणि कायदा काही कडक झाला नव्हता. दार उघडताच आत ताटकळलेली रांग प्रथम बाहेर पडते. पुढे लोक लग्नच अधिक विचाराने करू लागतात. आपल्याकडे रांग अजून सरकते आहे.

आता घर. येथे कारणे पुष्कळ सांगितली जातात. शिक्षण, नोकरी, भ्रमणध्वनी, दूरदर्शनवरील मालिका आणि मुलीची आई! आम्ही तीनच सांगतो.

एक, आयुष्य लांबले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात सरासरी आयुर्मान तिशीच्या आत होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. प्लेग, इन्फ्लुएन्झा आणि बाळंतपण हे त्या वेळी संसार मोडीत, आणि त्यास कोर्टफी लागत नसे. आज पंचविशीत लग्न करणाऱ्या दोघांनी पन्नास वर्षे एकमेकांसमोर बसून जेवावयाचे असते. एवढी मोठी कसोटी विवाहसंस्थेस पूर्वी क्वचितच लागत असे.

दोन, वधू मोठी झाली. अकरा वर्षांची मुलगी सासरच्या साच्यात ओतली जाई. सव्वीस वर्षांची स्त्री स्वतःचा आकार घेऊनच येते. ती मिळविते. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर मुलीस वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. घरात एकदोनच अपत्ये, त्यामुळे ‘आता तेच तुझे घर’ असे सांगून दार लावून घेणारा बाप दुर्मीळ झाला. हे सारे चांगले झाले. पण मुलगा बदलला का? आम्ही आमच्याच पिढीवर हा आरोप ठेवतो. आपण मुलींना शिकविले, नोकरीस पाठविले, आणि मुलांना मात्र पूर्वीचेच ताट वाढत राहिलो. दोघे सायंकाळी सातला दमून घरी येतात. एक खुर्चीवर बसतो आणि दुसरी ओट्यापाशी उभी राहते. पुष्कळ अर्जांतील ‘छळ’ या भारदस्त शब्दाखाली ही एवढीच गोष्ट वर्षानुवर्षे साचलेली आढळते.

तीन, लग्नाकडून अपेक्षा वाढली. पूर्वी विवाह दोन घरांचा होता. त्यात मन जुळले तर लाभ, न जुळले तरी संसार. आज मन जुळणे हीच अट झाली. जी वस्तू अटीवर घेतली जाते ती अट मोडताच परत करावीशी वाटते. हे चूक की बरोबर, ते ज्याने त्याने ठरवावे; पण घड्याळाचे काटे मागे फिरणार नाहीत.

पुरुषांची तक्रारही आम्ही लपवीत नाही. १९८३ साली आलेले ४९८-अ कलम, जे आता नव्या न्यायसंहितेत गेले आहे, ते हुंड्याच्या छळाने जीव गमावणाऱ्या मुलींसाठी होते. त्याचा उपयोग कधीकधी तडजोडीची रक्कम वाढविण्यास होतो, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांसही गोवले जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेस लगाम घातला. परंतु खोट्या तक्रारी आहेत म्हणून खऱ्या नाहीत, असे ज्यास वाटते त्याने एकदा सरकारी इस्पितळाच्या जळित विभागात जाऊन यावे.

आता राहिले तिसरे विधान, तेव्हा समाज बिघडला. आमचे उत्तर असे, की मोडलेला संसार ही दुःखाचीच गोष्ट आहे. दहा वर्षांचे पोर न्यायाधीशांच्या दालनात उभे राहून आईकडे की बापाकडे याचे उत्तर शोधते, ते पाहून घरी आल्यावर घास उतरत नाही. पण दुःखाचे माप घटस्फोटाच्या आकड्याने घेऊ नये. ते घ्यावयाचे तर दुसरे प्रश्न विचारा. एकतर्फी अर्जाचा निकाल लागावयास वर्षानुवर्षे का लागतात? बाईने वीस वर्षे राबून उभारलेल्या घरावर तिचे नाव का नसते? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नी मालमत्तेचे समान धनी मानले जातात. मांडवी आणि झुआरीच्या काठी जे जमते ते मुळा-मुठेच्या काठी का जमू नये? पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपले उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले. तरी नोकरी सोडल्याचे खोटे कागद येतातच. आणि रखमाबाईंस ज्या दाव्याने छळले तो वैवाहिक हक्कांचा दावा आमच्या कायद्याच्या नवव्या कलमात आजही का आहे? त्यात आता तुरुंग नाही हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते कलम वैध ठरविले हेही खरे. पण हुकूमनाम्याने कोणी नांदल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

हे सरकारचे काम झाले. आपले काम काय? तेही मोठे अवघड नाही. घटस्फोटित बाईस भाड्याने खोली देताना आपण चार जास्तीचे प्रश्न विचारतो, ते विचारू नयेत. शाळेत तिच्या मुलास सगळ्यांसमोर बापाचे नाव विचारू नये. परत आलेल्या मुलीस भावाने ओझे म्हणू नये. त्या घरात तिचा वाटा आहे.

आणि शेवटी एकच, आणि ते समोर बसलेल्या भगिनींसाठी. चैत्रगौर बसली की घरोघर हळदीकुंकू होते. पन्हे आणि कैरीची डाळ होते. बोलावण्याची यादी करताना एखादे नाव हळूच गळते, आणि का गळले ते कोणी बोलत नाही. ज्या बाईची गोष्ट आम्ही सांगितली, तिला कोर्टाचा कागद मिळाला. बोलावणे मात्र पुढे कित्येक वर्षे आले नाही. कागद देणे कायद्याचे काम होते, ते त्याने उशिरा का होईना केले. बोलावणे तुमच्या हाती आहे. अक्षय्यतृतीयेपर्यंत हळदीकुंकू चालते. घरी गेल्यावर यादी एकदा पुन्हा पाहावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.